पडवीत रेंज फुल्ल, माजघरात फोन कट. आईच्या फोनला झालंय काय?

खाडीकाठचा

मी डोंबिवलीला, आई गावाला. गुहागर तालुक्यात, तवसाळच्या बाजूला. घर उतरणीवर, तोंड जयगडच्या खाडीकडे, पाठीशी सडा (उंचावरचं खडकाळ पठार). भिंती चिऱ्याच्या, वर कौलं. मागे न्हाणीवर दोन वर्षांपूर्वी पत्रे घातले.

रोज संध्याकाळी साडेसातला मी फोन करतो. आई पडवीत झोपाळ्यावर असते. पहिली चार-पाच मिनिटं आवाज खणखणीत. मग कुकरची शिट्टी होते किंवा मांजर आत शिरतं. आई बोलत बोलत उठते, माजघरात पाऊल टाकते आणि तिचा आवाज तुटायला लागतो. दहा सेकंदांत फोन कट. परत लावला की लागतो, लगेच.

कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं, तुमच्या भागात नेटवर्क फुल्ल आहे, फोन बंद करून चालू करा. सिम बदललं. दिवाळीत बारा हजारांचा नवा फोन नेऊन दिला. फरक शून्य. परवा तर आई म्हणाली, "तू आई आई करत व्हतास ता मला ऐकू येत व्हता, मी वरडत व्हते तर तुला कसा नाय ऐकू आला?" याला काय उत्तर देऊ?

गावात जाऊन राहा हा सल्ला कृपया देऊ नये, तो आई रोज देते.

फुल्लटॉक

सोपं आहे. ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतो, तीन-चार हजारात. कौलावर एक अँटेना, माजघरात एक. आमच्या मामांनी बसवलाय, एकदम मख्खन.

मोडकी छत्री

एअरप्लेन मोड चालू करा, दहा सेकंदांनी बंद करा. माझं नेहमी चालतं. का चालतं ते विचारू नका.

सुमोतली मागची सीट

बूस्टर घेऊ नका. त्यावर खाली लिहिते. आधी तुमच्या आईंचं.

"मला तुझं ऐकू येत होतं, तुला माझं नाही." अर्धं निदान या एका वाक्यात झालं. कस्टमर केअरच्या कुठल्या फॉर्मात हा रकाना मी पाहिलेला नाही.

मी २००४ ते २०२१ ड्राइव्ह टेस्टिंग केलं, म्हणजे गाडीतून फिरत नेटवर्क तपासणं. सुमोच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, त्याला वायरींनी जोडलेले चार फोन, टपावर जीपीएसची चकती, आणि दिवसभर ड्रायव्हरला "दादा, चाळीसच्या वर नको." फोन आपले आपण कॉल लावायचे, दोन मिनिटांनी तोडायचे, परत लावायचे. जिथे मध्येच कॉल मेला तिथे नकाशावर लाल ठिपका. कोकणातल्या घाटांत मी असे पुष्कळ लाल ठिपके गोळा केलेत, एका हाताने लॅपटॉप आणि दुसऱ्या हाताने लिंबू धरून.

तर, दांड्या बघणं आधी सोडा. किती सिग्नलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. त्याच जागी तुमच्या फोनला दोन आणि माझ्या फोनला चार असू शकतात. दुसरं म्हणजे दांड्या फक्त टॉवरचं बोलणं तुमच्यापर्यंत किती पोचतंय ते दाखवतात. तुमचं बोलणं टॉवरपर्यंत पोचतंय का, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. आणि हरते ती बहुधा हीच बाजू. टॉवर साधारण २० ते ४० वॅटने बोलतो. आपला ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. (जुन्या जीएसएम, म्हणजे २जी, फोनला ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत मुभा होती. "आमचा तो जुना ठोकळा कुठेही लागायचा" असं म्हणणारे काका अगदीच गप्पा मारत नसतात.) टॉवरवरचे अँटेना माणसापेक्षा उंच असतात, ऐकायला दोन नाहीतर चार असतात, त्यामुळे फोनचं पुटपुटणंही टॉवरला कळतं. पण कळण्याला हद्द असते. रेंजच्या काठावर टॉवरचं आईंना ऐकू येतं आणि आईंचं टॉवरला नाही, अशी एक पट्टी असते. तुमचा उंबरा बहुतेक त्या पट्टीत आहे.

तुम्ही म्हणाल, काठ कसला, पडवीत फुल्ल आहे ना. पुढचं माझ्या जुन्या धंद्यातलं आहे, जरा लांबेल.

कॉल चालू असताना फोन ज्या टॉवरवर आहे त्याच्याशी बोलतो आणि त्याच वेळी शेजारच्या टॉवरांकडे कान ठेवून असतो, सेकंदातून अनेक वेळा. शेजारचा समजा ३ डीबीने (डीबी हे सिग्नलचा फरक मोजायचं माप) चांगला वाटला, आणि क्षणभर तसाच राहिला, तर फोन आपल्या टॉवरला कळवतो: मला तो बरा ऐकू येतोय. हा ३ डीबीचा फरक आणि क्षणभर थांबणं मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर दोन टॉवरांच्या मधे राहणाऱ्याचा फोन दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत बसेल. मग टॉवर ठरवतो आणि हुकूम देतो: जा त्याच्याकडे. याला हँडओव्हर म्हणतात. गंमत अशी की फोनची तक्रार वर जाते ती जुन्या टॉवरकडे, आणि "जा" हा हुकूम खाली येतो तोही जुन्या टॉवरकडूनच. म्हणजे जो दोर तुटतोय त्याच्यावरून दोन निरोप जायला हवेत.

गाडीत बसलेल्या माणसाचा सिग्नल हळूहळू उतरतो, त्यामुळे निरोपांना वेळ मिळतो. उंबरा ओलांडणाऱ्या बाईला दोन पावलं लागतात, आणि मधे चिऱ्याची जाड भिंत. १० डीबी पडला म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० पडला म्हणजे शंभरावा. फोन लगेच हार मानत नाही. आवाज वाढवत नेतो, चुकलेला तुकडा परत परत पाठवतो, भाषा सोपी करतो (चांगल्या सिग्नलमध्ये एका ठोक्यात सहा बिटं कोंबतो, वाईटात दोनच). तरी जमलं नाही तर कंपनीने ठरवलेला वेळ, बहुधा सेकंदाच्या आसपास, वाट बघतो आणि मग सोडून देतो. तुमचे दहा सेकंद म्हणजे ही झटापट.

हे सगळं अंदाज आहे. आकडे काढा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग "फोनबद्दल", मग सिमची स्थिती. तिथे उणे चिन्हासह डीबीएम, म्हणजे सिग्नलचा जोर, दिसतो. काही फोनवर *#*#४६३६#*#* दाबूनही कळतं. पण बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आणि सेल आयडी (टॉवरच्या एका भागाचा, म्हणजे सेलचा, नंबर) पण हवा, त्यासाठी सेलची माहिती दाखवणारं एखादं फुकट ॲप टाका. उणे ८५ म्हणजे राजेशाही, उणे १०० ठीक, उणे ११० ला कुरबुर सुरू, उणे १२० ला गाशा गुंडाळायचा. घरातल्या पाच जागी घ्या, प्रत्येक जागी मिनिटभर थांबून. आणि एकदा झोपाळ्यावरून कॉल चालू ठेवून आत चालत जाऊन घ्या. कॉल चालू असतानाचा आणि नसतानाचा आकडा वेगळा लिहा, हे विसरू नका.

@मोडकी छत्री, तुमचं का चालतं ते सांगतेच. एअरप्लेन मोड काढला की फोन पहिल्यापासून सुरुवात करतो. आधी ओळखीच्या फ्रिक्वेन्सी ऐकतो, तिथे टॉवरचा ठरावीक ताल सापडला की त्याला जुळवून घेतो, मग टॉवर कुणाचा ते वाचतो (भारतातले ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात). आपल्या कंपनीचा निघाला की दार ठोठावतो. ठोठावायचे ६४ ठेके असतात, त्यातला एक कुठलातरी निवडायचा. उत्तर आलं नाही तर जरा जोरात. आत घेतल्यावर टॉवरमागचं यंत्र एक आकडा देतं, सिम आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढतं. किल्ली सिममधून कधीच बाहेर पडत नाही. ३जीपासून पुढे सिमही उलट तपासणी करतं, समोरचं नेटवर्क खरं आहे ना म्हणून. हे सगळं एक-दोन सेकंदांत. त्यामुळे आधी चुकीच्या टॉवरला चिकटून बसलेला फोन नव्याने निवड करतो आणि तुम्हाला वाटतं चमत्कार झाला.

@फुल्लटॉक, परवान्याशिवाय बूस्टर बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि ते कारण नसताना नाही. २०१२ च्या सुमारास एका शहरात आमच्या ३जीच्या एका सेलला अचानक काही ऐकू येईना. टॉवरच्या कानात नेहमीची शांतता उणे १०५ च्या आसपास असते, ती उणे ८५ वर गेली. म्हणजे शंभरपट कलकल. तीन दिवस हातात अँटेना धरून गच्च्या पालथ्या घातल्या. शेवटी एका क्लासच्या गच्चीवर बूस्टर सापडला. क्लासमध्ये दांड्या फुल्ल होत्या, आणि आजूबाजूच्या तीन गल्ल्यांतले फोन तुटत होते. तुमच्या मामांचं मख्खन कुणाच्या तरी भाकरीवरून काढलेलं असू शकतं.

हर्णैचा

ताई, मधेच विचारतो. पूर्वी ट्रॉलरवर असताना २जी फोनला दांड्या दिसायच्या, पण फोन लागायचाच नाही. किनारा लांब असायचा, टॉवर समोर असल्यासारखा. तेव्हा तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) म्हणायचा, कंपनीवाले समुद्राचे पैसे घेतात.

सुमोतली मागची सीट

तांडेलाला सांगा, त्यांनी फुकटातही दिला नसता. जीएसएममध्ये एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. तुम्ही जितके लांब तितका तुमचा आवाज उशिरा पोचणार आणि पुढच्याच्या पाळीत घुसणार. म्हणून टॉवर सांगतो, तू जरा आधी बोल. हे "आधी" ६३ पायऱ्यांचं, एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. हिशेब केला की ३५ किलोमीटर. त्यापुढे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, दांड्या दिसतात, पण तुमची पाळीच जुळत नाही. समुद्रावर मधे काही आड येत नसल्याने सिग्नल पोचतो, घड्याळ पोचत नाही. ४जीची रचना १०० किलोमीटरपर्यंत जाते, पण प्रत्येक सेलची हद्द कंपनी ठरवते आणि ती बहुतेक खूप कमी ठेवलेली असते.

खाडीकाठचा

आकडे आणले! चुलतभावाचा मुलगा नववीत आहे, त्याला कामाला लावला. त्याने कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून फोटो पाठवला. त्याच्याच शब्दांत:

झोपाळा: उणे ९३, बँड ३.
उंबरा: उणे १०२, बँड ३. (आजी म्हणते उंबऱ्यावर उभा राहू नको. पळत घेतलं.)
माजघर, कॉल चालू ठेवून चालत जाऊन: उणे ११९, बँड ३, मग कट.
माजघर, कॉल नाही, पाच मिनिटं बसून: उणे १०८, बँड ८.
मागचं दार: उणे ९८, बँड ८.
न्हाणी, पत्र्याखाली: उणे ११६, बँड ८.

बँड ३ ला सेल आयडी वेगळा, बँड ८ ला वेगळा. नंबर इथे देत नाही. शेवटी त्याने विचारलंय, "माजघर एकच, मग दोन आकडे कसे?"

सुमोतली मागची सीट

या पोराला कुणीतरी नोकरी द्या. त्याच्या प्रश्नातच सगळं आहे.

बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ. तो माझ्या मते खाडीपलीकडच्या, जयगडच्या बाजूच्या टॉवरचा. पाण्यावरून मोकळा येतो, म्हणून झोपाळ्यावर छान. बँड ८ म्हणजे ९००, तो सड्यावरच्या टॉवरचा. घर सड्याच्या आडोशाला असल्याने तो समोरून दिसत नाही, कड्यावरून वाकून मागच्या दाराने येतो. कमी फ्रिक्वेन्सी अशी कडेवरून बरी वाकते, झाडीतून आणि भिंतीतून बरी येते. अगदी मोकळ्या जागेतसुद्धा १८०० हा ९०० पेक्षा ६ डीबीने मागे पडतो. जयगडला कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याकडून तिथला सेल आयडी मागवून ताडून बघा, माझा अंदाज तपासला जाईल.

आता माजघराचे दोन आकडे. कॉल नसताना कुठला टॉवर घ्यायचा ते फोनच ठरवतो, कंपनीने दिलेल्या नियमांप्रमाणे. त्यात बहुतेक वेळा वरच्या बँडला मान जास्त असतो, कारण तिथे जागा मोकळी असते. तो फारच पडला तर फोन खालच्या बँडवर जातो. आई माजघरात पाच मिनिटं बसल्या की फोन निवांत ९०० वर जाऊन बसतो, उणे १०८, बोलण्यापुरतं पुरे. पण तुमचा कॉल येतो तेव्हा त्या झोपाळ्यावर असतात, म्हणजे कॉल सुरू होतो १८०० वर. मग चालत आत. उणे १०२ वरून दोन पावलांत उणे ११९. तक्रार वर पोचत नाही, हुकूम खाली येत नाही, ९०० तिथेच ११ डीबीने चांगला उभा असून फोनला तिकडे जाता येत नाही. आणि "परत लावला की लगेच लागतो" ते याच्यामुळे: कट झाल्यावर फोन मोकळा झाला आणि स्वतःच ९०० वर गेला.

म्हणून नवा फोन, नवं सिम, काही उपयोग नव्हता. बारा हजार गेले, असो.

उपाय तीन. कंपनीकडे तक्रार करा, पण "नेटवर्क येत नाही" असं लिहू नका, त्यावर "येतंय" हेच उत्तर येणार. लिहा: या सेल आयडीवरून त्या सेल आयडीवर हँडओव्हर होत नाही, वेळ संध्याकाळी साडेसात, हे आकडे. त्यांनी १८०० सोडायची मर्यादा थोडी अलीकडे आणली तर फोन झोपाळ्यावरून उठतानाच तयारीला लागेल. वीस मिनिटांचं काम आहे, पण ते ज्याला कळतं त्याच्या टेबलापर्यंत कागद पोचायला हवा. पहिल्या उत्तरावर थांबू नका, वर अपील करा. ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) निकष कॉल ड्रॉप २ टक्क्यांच्या आत असा आहे, पण तो मोठ्या भागाच्या हिशेबात मोजतात. त्या हिशेबात एक उंबरा कुणाला दिसतो?

दुसरा, घरात किंवा शेजारी फायबर असेल तर वाय-फाय कॉलिंग. २०१९ च्या शेवटापासून आपल्याकडे आहे. कॉल वाय-फायवरून थेट कंपनीच्या यंत्राकडे जातो, टॉवर लागतच नाही. मात्र लाइट गेली की डबा बंद, आणि तुमच्याकडे लाइट कधी जाते ते तुम्हाला माहीत.

तिसरा फुकटचा. फोन मागच्या दाराशी ठेवा आणि कॉल तिथेच घ्या.

मोडकी छत्री

पावसाळ्यात आमच्याकडे उलटं होतं. दांड्या सगळ्या, पण ना कॉल ना नेट. तेव्हा एअरप्लेन मोडही हरतो.

सुमोतली मागची सीट

तेव्हा तुम्ही आणि टॉवर ठीक असता, टॉवरच्या मागचं तुटलेलं असतं. टॉवर पुढे फायबरने जोडलेला असतो नाहीतर डिशसारख्या मायक्रोवेव्हने. ९०० किंवा १८०० ला पावसाचं काही वाटत नाही, पण ते मायक्रोवेव्ह बहुधा १० गिगाहर्ट्झच्या वरचे, त्यांना मुसळधार पावसाचा थेंब अडवतो. फायबर असेल तर जेसीबी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे आलं, त्यानंतर मी रायगडात होते. उभे टॉवरही मुके होते, कारण वीज नाही, जनरेटरला डिझेल नाही, रस्त्यावर झाडं आडवी. बॅटऱ्या काही तासांच्याच असतात. कित्येक गावांत वीज यायलाच आठवडे गेले.

एक लक्षात ठेवा. स्वतःच्या कंपनीचा टॉवर मेला आणि पडद्यावर "फक्त आपत्कालीन कॉल" दिसलं तर ११२ दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो. काहीच दिसत नसेल तर तोही नाही.

खाडीकाठचा

तक्रार केली, तुमचंच वाक्य उतरवून. फोनवरच्या मुलीने "हँडओव्हर म्हणजे काय सर" विचारलं. मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने तिकीट वरच्यांकडे पाठवलंय. अजून काही हाललेलं नाही. फायबर शेजारी आहे, पण गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) वादातून त्यांच्याशी आईचं बोलणं बंद आहे.

त्यामुळे तिसरा उपाय. आईने मागच्या दाराच्या खुंटीला कापडी पिशवी लावलीय, फोन त्यात, कॉल आला की स्पीकर. चूल तिथून चार पावलांवर, त्यामुळे उठायचं कारणच राहिलं नाही. काल एक्केचाळीस मिनिटं बोललो, एकदाही तुटला नाही. त्यातली पंचवीस मिनिटं गडग्याची होती.

पोरगा आता वाडीभर आकडे घेत फिरतोय. देवळाच्या पायरीवर उणे ८१ मिळाला म्हणून फोन आला होता.

सुमोतली मागची सीट

एक्केचाळीस मिनिटं म्हणजे आमच्या वेळी रिपोर्टात हिरवी रेघ.

पोराला सांगा, जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की मागच्या दाराचा आकडा परत घ्यायचा. ओली पानं ९०० ला पण खातात. दाराच्या वर सड्याकडे एखादं मोठं झाड आहे का?

खाडीकाठचा

फणस आहे, बरक्या. तोडायला सांगू नका, आई मलाच तोडेल.